गाडी गेली, डबे राहिले

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर आगगाडी पोहोचण्याआधीच लपवाछपवीचा खेळ पोहोचला होता. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअरच्या दलदलीत एक बाटली ठेवली. चिखल तुडवत तिथवर जाणाऱ्याने तीत आपलं कार्ड टाकायचं, बस्स. पुढे बाटलीच्या जागी पेटी आली, पेटीत वही आणि रबरी शिक्का आला आणि ‘लेटरबॉक्सिंग’चं वेड माळभर पसरलं.

रेल्वे ओकहॅम्प्टनला आली १८७१ मध्ये. तीन वर्षांनी मेल्डनची दरी ओलांडून ती लिडफर्डकडे गेली. १९६३च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधली २,३६३ स्थानकं बंद करण्याची शिफारस केली होती. त्यानंतरच्या लाटेत, मे १९६८ मध्ये, ओकहॅम्प्टनपुढचा हा मार्गही गुंडाळला गेला. रूळ उखडले. भराव, कमानी आणि डोंगर कापून काढलेल्या वाटा मात्र कोण उचलून नेणार?

लपवाछपवीच्या खेळाला मात्र पुढे नवं रूप मिळालं. २ मे २००० रोजी अमेरिकेने सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. हेच जिओकॅशिंग. कल्पना पेरटचीच म्हणायची, फक्त वाटाड्या आता आकाशात!

बंद पडलेले लोहमार्ग या खेळाला फार मानवतात. इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून वाट सौम्य; सायकल, बाबागाडी, दुखरे गुडघे, सगळं चालतं. लपवलेल्या दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे, त्यामुळे काही उत्साही मंडळी अशा वाटांवर बरोब्बर तेवढ्या अंतराने डब्यांची माळच लावतात. यात शोधणं कमी आणि हजेरीपट भरणं जास्त. खरी मजा पुलापाशी आहे. लोखंडाखाली किंवा खोल कापलेल्या वाटेत उपग्रहाचा संदेश भरकटतो, फोन कधी या खांबाकडे तर कधी त्या खांबाकडे बोट दाखवतो. मग तो खिशात घालून डोळे वापरावे लागतात. रिव्हेटांच्या रांगेत एक बोंडूक जरा जास्तच काळं दिसतं. नखाने ओढलं की चुंबकासकट निघतं. आत सुरळी केलेली कागदाची पट्टी, तिच्यावर आधी येऊन गेलेल्यांची नावं.

अशा नजरेने मेल्डनच्या पुलाखाली उभं राहिलं की कळतं, हा एक पूल नाहीच. १८७४चा एक आणि काही वर्षांनी त्याला खेटून उभारलेला दुसरा, असे लोखंडी पायांचे दोन संच आहेत. उंची सुमारे ४६ मीटर. वरून ‘ग्रॅनाइट वे’ या सायकलवाटेने सायकल दामटणाऱ्याला हे दिसत नाही. पूल आता संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे त्याला भोक पाडणं किंवा त्यावर चढणं यांचं कौतुक कुणी करू नये.

नोव्हेंबर २०२१ पासून एक्सेटरहून ओकहॅम्प्टनपर्यंत रोजची गाडी पुन्हा धावू लागली. २०१४च्या वादळात डॉलिशजवळचा किनारी मार्ग वाहून गेल्यापासून, ती पुढे टॅव्हिस्टॉकमार्गे प्लिमथपर्यंत न्यावी ही मागणीही जोर धरून आहे. आता गंमत अशी, की चालू रुळांलगत डबा लपवायला या खेळात मनाई आहे. मागणी मान्य झाली, तर वाटेवरच्या डब्यांना दुसरं घर शोधावं लागेल. क्रॅनमिअरच्या पेटीला ती धास्ती नाही. तिच्याकडे जाणाऱ्याने फक्त लष्कराच्या गोळीबार सरावाचं वेळापत्रक पाहून निघायचं.