विश्लेषण : तीनशे रुपयांत ‘आजीवन’ विंडोज, हाती नेमके काय पडते?

शहादा : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुना संगणक असलेल्या प्रत्येकाला, मग ते सेवा केंद्र असो, झेरॉक्सचे दुकान असो की करसल्लागाराचे कार्यालय, निर्णय घेणे भाग पडले आहे. नवा संगणक घ्यायचा की नवी विंडोज? नेमक्या याच वेळी मोबाइलवर जाहिरात झळकते : ‘ओरिजिनल विंडोज ११ प्रो, लाइफटाइम, फक्त ३०० रुपये.’ कंपनीकडे साध्या होम आवृत्तीलाही दहा हजारांच्या आसपास मोजावे लागतात. मग हे तीनशेत कसे परवडते?

की म्हणजे परवाना नव्हे

विक्रेता व्हॉट्सअॅपवर २५ अक्षरांची की पाठवतो. ती टाकली की विंडोज ‘अॅक्टिव्हेट’ दिसते आणि ग्राहक खूश होतो. पण की ही फक्त कुलपाची किल्ली आहे. वापराचा हक्क परवान्याने मिळतो आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर असतो. मोठ्या कंपन्या, महाविद्यालये एकाच कीवर शेकडो संगणक चालवण्याचा करार करतात. तिथली की बाहेर फुटते आणि किरकोळीने विकली जाते. वापर ठरलेल्या संख्येपलीकडे गेला किंवा मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आले की ती बंद होते. काही ठिकाणी संस्थेच्या सर्व्हरची नक्कल करून विंडोज चालू केलेली असते. अशा पद्धतीत दर १८० दिवसांच्या आत सर्व्हरकडून पुन्हा मान्यता घ्यावी लागते. म्हणून सहा महिने सुरळीत चाललेली ‘आजीवन’ विंडोज अचानक कुरकुरू लागते, आणि तोवर विक्रेत्याचा नंबर बंद झालेला असतो.

आपल्याकडे काय आहे ते पाहणे सोपे आहे. सेटिंग्ज, सिस्टीम, अॅक्टिव्हेशन उघडा. घरच्या किंवा दुकानाच्या संगणकावर ‘तुमच्या संस्थेच्या अॅक्टिव्हेशन सेवेद्वारे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर ती संस्था कोणती, हे ज्याने विंडोज टाकून दिली त्याला विचारा.

खरा धोका तीनशे रुपयांचा नाही

की बंद पडली तर नुकसान तीनशेचेच. त्याहून गंभीर प्रकार ‘स्वस्त ऑफिस’चा. त्यात की मिळत नाही. तयार युजरनेम आणि पासवर्ड मिळतो. ते खाते कुठल्या तरी अनोळखी संस्थेच्या छत्राखाली उघडलेले असते. त्या खात्याच्या वनड्राइव्हमध्ये तुम्ही ठेवलेल्या फायली तिथला व्यवस्थापक उघडू शकतो आणि खाते काढून टाकले तर फायलीही जातात. आता विचार करा, त्या फायली कोणाच्या? सेवा केंद्रात आधारच्या प्रती, सातबारा, बँक पासबुक असते. करसल्लागाराकडे अख्ख्या बाजारपेठेचे हिशेब. प्रकाशा, म्हसावदहून कागदपत्रे घेऊन आलेल्या माणसाला या सौद्याची कल्पनाही नसते.

तिसरा प्रकार ‘अॅक्टिव्हेटर’चा. तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. चोराने आधी कुत्रा बांधून ठेवायला सांगावे, तसेच हे. आणि ‘लाइफटाइम फोटोशॉप’ची जाहिरात तर वाचताक्षणी सोडून द्यावी : अडोबी २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या मुख्य आवृत्त्या वर्गणीवरच देते.

कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. ‘जाणूनबुजून’ हा शब्द ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण दहा हजारांची वस्तू तीनशेत, तीही बिलाविना घेतल्यावर ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणणे अवघड जाते.

की विकत घ्यायलाच हवी का?

पुष्कळदा नको. कंपनीची विंडोज असलेल्या लॅपटॉपचा परवाना त्या यंत्राशीच जोडलेला असतो. फॉरमॅटनंतर तीच आवृत्ती टाकून इंटरनेट जोडले की तो आपोआप लागू होतो. दुरुस्तीवाला होमच्या जागी प्रो टाकतो, म्हणून की मागितली जाते. विंडोज १० वरून ११ वर जाणे पात्र यंत्रांसाठी मोफत आहे. पत्रे आणि तक्ते करण्यापुरते काम असेल तर लिबरऑफिस एक रुपयाही न देता कायदेशीर मिळते. विकत घ्यायचेच असेल तर जीएसटी क्रमांकाचे बिल मागा. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो.

पैसे गेलेच असतील तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट आणि यूपीआय व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि लगेच १९३० वर कळवा. विक्रेता नोंदणीकृत दुकानदार असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार करता येते. विक्रेत्याने दूरस्थ प्रवेशाचे अॅप टाकायला लावले असेल, तर आधी ते काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.