अफवेची खंडणी

मेढ्यासारख्या गांवीं चार सुशिक्षित मंडळी जमली कीं बोलण्याचा ओघ हटकून चित्रपटांकडे वळतो. वाई-मेणवलीचे घाट येथून फार दूर नाहींत, आणि तेथें चित्रीकरण होत असल्यामुळें या विषयांत आपणांस घरचा अधिकार आहे असें प्रत्येकास वाटतें. मग कोणी तरी डोळे मिचकावून म्हणतो, "अहो, तो सगळा पैसा भाई लोकांचा! त्या धंद्यांत धुतल्या तांदळासारखा आहे कोण?" मंडळी माना डोलवितात आणि चहाचा दुसरा पेला येतो. या मान डोलविण्याविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आणि आम्हीं स्वतःही ती पुष्कळदां डोलविली आहे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

मुंबईच्या गुन्हेगार टोळ्यांचा हात चित्रपटधंद्यांत शिरला होता, हें कोण नाकारील? १२ ऑगस्ट १९९७ रोजीं गुलशन कुमार यांचा अंधेरींत देवळाबाहेर गोळ्या घालून खून झाला. जानेवारी २००० मध्यें राकेश रोशन यांच्यावर गोळीबार झाला. परंतु पिस्तूल रोखणारा आणि ज्याच्यावर तें रोखलें जातें तो, या दोघांना "सगळे एकच" म्हणून एका माळेंत ओंवणें हा कोणता न्याय?

आगीवांचून धूर निघत नाहीं, असें यावर म्हणतील. मान्य, पण आग कोठें लागली हें पाहण्याची तसदी कितीजणांनीं घेतली? कित्येक दशकें चित्रपटास उद्योगाचा दर्जा नव्हता; निर्मात्यास बँकेचें दार बंद, म्हणून तो भारी व्याजानें खासगी सावकाराकडे जाई. गरजू ऋणकोस सावकाराचा सावकार कोण, हें विचारण्याची सोय नसते. सरकारनें उद्योगाचा दर्जा १९९८ सालीं जाहीर केला. सरळ दार इतकीं वर्षें बंद ठेवणाऱ्यांनीं, मागच्या दारानें चोर शिरला म्हणून घरधन्यासच दोष द्यावा काय?

याच्या उलट न्यायालयाची रीत पाहा. 'चोरी चोरी चुपके चुपके' या चित्रपटाच्या खटल्यांत २००३ सालीं निकाल लागला. निर्माते नाझिम रिझवी संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालीं दोषी ठरले. वित्तपुरवठा करणारे भरत शहा त्या कायद्याखालील आरोपांतून सुटले, परंतु माहिती दडविल्याबद्दल त्यांस शिक्षा झाली. त्या खटल्यांत अनेक साक्षीदारांनीं जबाब फिरविले. प्रीती झिंटा यांनीं मात्र आपणांस आलेल्या धमकीची हकीकत न्यायालयांत सांगितली. न्यायालय माणसागणिक निवाडा करतें. आमची बैठक घाऊक करते.

टोळीवाल्याचें खरें भांडवल पिस्तूल नव्हे, भीति होय. पिस्तूल एकाच्या कानशिलास लागतें. भीति हजारांच्या उरांत बसते. "त्याचा हात सगळीकडे पोंचतो" असें आम्ही दबक्या, पण किंचित् कौतुकाच्याच स्वरांत म्हणतों, तेव्हां त्या भांडवलांत आम्ही भर घालतों, आणि तीही बिनव्याजी.

जपानांत जुझो इतामी यांनीं १९९२ सालीं 'मिंबो' नांवाचा चित्रपट काढला. खंडणीखोर याकुझांपुढें हॉटेलच्या साध्या नोकरांनीं न घाबरतां, कायद्याच्या आधारें कसें उभें राहावें, हें त्यांत हंसत हंसत दाखविलें होतें. थोड्याच दिवसांत इतामींच्या चेहऱ्यावर सुऱ्यांचे वार झाले. टोळ्यांना अफवा खुपत नाहीं. तिच्यावर तर त्यांचें पोट चालतें. त्यांना खुपतें तें उघड्या तोंडानें, नांवानिशीं सांगितलेलें सत्य.

म्हणून पुढच्या बैठकींत कोणी डोळे मिचकावले तर आपण इतकेंच विचारावें: "कोणाचा पैसा, कोणाला, केव्हां मिळाला? आणि हें आपणांस कसें कळलें?" उत्तर असेल तर तें पोलिसांस सांगावें. नसेल तर मुकाट्यानें चहा प्यावा.