विहीणबाईंचं ‘ने, ने!’

मैत्रिणींनो, पाहुण्याला पोटभर जेवू घालण्यात आपण बायका कधी हार जात नाही. पण गेल्या हिवाळ्यात माझ्याच घरी, जुहूला, पाहुणी अर्धपोटी उठली. तीही साधीसुधी नव्हे, विहीणबाई!

माझ्या पुतण्याची बायको बल्गेरियाची. दोघं राहतात जर्मनीत, दीर-जाऊ नागपूरला. तेव्हा तिची आई मुंबई पाहायला आली ती आमच्याकडेच उतरली. त्यांना इंग्रजी येईना, मला बल्गेरियन! पहिल्याच दिवशी पुरणपोळ्या केल्या. एक पोळी संपल्यावर ‘आणखी वाढू?’ असं खुणेनं विचारलं, तर त्यांनी मान डावी-उजवीकडे हलवली. मी डबा उचलला, तशी त्या म्हणाल्या, ‘‘ने, ने!’’ मला वाटलं, लेकीनं चार मराठी शब्द शिकवून पाठवलंय. नेला की डबा आत!

रात्री सुनेचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. बल्गेरियात मान आडवी हलवली की होकार, आणि वर झटकली की नकार. शिवाय ‘ने’ म्हणजे ‘नाही’. बिचाऱ्या ‘नेऊ नका’ म्हणत होत्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुरण घातलं आणि मानेकडे न बघता शब्दाकडे कान दिला. ‘दा’ म्हणजे ‘हो’. तीन वेळा ‘दा’ ऐकलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग आमची गट्टी जमली. साबणाला त्या ‘सापुन’ म्हणतात, बाजाराला ‘पाझार’, साखरेला ‘झाहार’, चहाला ‘चाय’. भट्टीत ठेवायच्या पसरट भांड्याला चक्क ‘तावा’! लग्नाचा आल्बम पाहताना मी दीर दाखवले, तर म्हणाल्या, ‘देवेर’! मात्र ‘बाबा’ म्हणजे त्यांच्याकडे आजी, हे लक्षात ठेवा.

हल्ली आपल्यापैकी कितीतरी जणी युरोपच्या सहलीला जातात. बल्गेरियात जाणार असाल, तर एवढं करा :

मानेवर विसंबू नका. परदेशी माणसासमोर काही जण मुद्दाम आपली सवय उलटी करतात, त्यामुळे घोळ आणखी वाढतो. ‘दा’ की ‘ने’ ते तोंडून वदवून घ्या. आपणही मान डोलावण्याऐवजी शब्दच बोलावा.

‘ही बस स्टेशनला जाते का?’ असं विचारण्यापेक्षा ‘स्टेशनची बस कुठली?’ असं विचारा, म्हणजे बोटानं दाखवतील. ठिकाणाचं नाव त्यांच्या लिपीत लिहून जवळ ठेवा. त्या लिपीत इंग्रजी पीसारखं अक्षर ‘र’, सीसारखं ‘स’, एचसारखं ‘न’ आणि बीसारखं ‘व’ असतं. एवढ्यावरही पाट्या थोड्या लागू लागतात.

मांसाहार करत नसाल तर ‘बेझ मेसो’, म्हणजे मांसाशिवाय, असं स्पष्ट सांगा. औषधाच्या दुकानात तर खुणांवर मुळीच जाऊ नका, औषधाचं नाव कागदावर लिहूनच द्या. पाणी ‘वोदा’, ताकासारखं पेय ‘आइर्यान’. कृपया म्हणायचं तर ‘मोल्या’, आभाराला ‘ब्लागोदार्या’. जीभ वळली नाही, तर ‘मेर्सी’सुद्धा चालतं.

निघताना विहीणबाईंना मी पुरणपोळ्यांचा डबा बांधून दिला आणि म्हटलं, ‘‘ने!’’ या वेळी मात्र आम्ही दोघी खो-खो हसलो.