अर्थशास्त्र घ्यायचे असेल तर गणित सोडू नका

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : मुलीला अर्थशास्त्रात पुढे एम.ए., पीएच.डी. करायची आहे, तर बी.ए. बरे की बी.एस्सी.? पालकहो, पदवीच्या नावापेक्षा तिच्यात गणित किती आहे, ते आधी पाहा.

पदव्युत्तर अर्थशास्त्रात मोजमाप फार असते. मटणाचा भाव वाढला की घरात येणारे मटण किती कमी होते, हे तेथे कॅल्क्युलसने मांडतात. शिष्यवृत्तीमुळे मुली कॉलेजात टिकल्या, की त्या एरवीही टिकल्या असत्या, हे इकॉनॉमेट्रिक्सने तपासतात. प्रवेश परीक्षाही तशाच आहेत. आयआयटीच्या एम.एस्सी.साठी होणाऱ्या 'जॅम' परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्यात गणित आणि संख्याशास्त्र असतेच. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या परीक्षेत तर एक पेपर मुख्यतः गणिताचा असतो.

म्हणजे खरा निर्णय बारावीनंतर नव्हे, दहावीनंतरच होतो. आपल्याकडे मुलगी कला शाखेकडे वळली की गणित सुटते, आणि घरातही कुणाला त्याचे काही वाटत नाही. वास्तविक आपल्या राज्य मंडळात कला आणि वाणिज्य शाखेलाही 'गणित व संख्याशास्त्र' हा विषय घेता येतो. जवळच्या ज्युनिअर कॉलेजात तो नसेल, तर जरा दूरचे कॉलेज पाहावे. एवढ्या प्रवासाने पुढची बरीच दारे उघडी राहतात.

पदवीचे कॉलेज निवडताना अभ्यासक्रम मागून घ्या आणि तीन गोष्टी तपासा. कॅल्क्युलस व लिनिअर अल्जिब्रा आहे का? संख्याशास्त्रासोबत इकॉनॉमेट्रिक्स आहे का? गणित हा जोडविषय म्हणून मिळतो का? तिन्हींना 'हो' असेल, तर गावातले बी.ए.सुद्धा चांगले. पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेत अर्थशास्त्राची बी.एस्सी. आहे, तिचा अभ्यासक्रम तुलनेसाठी समोर ठेवावा.

ज्यांचे गणित सुटले आहे, त्यांनीही निराश होऊ नये. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचा एकच विषयही देता येतो, आणि 'स्वयम्'वर गणिताचे वर्ग मोफत आहेत. मात्र पुढे जेथे जायचे, तेथील प्रवेशाचे नियम पदवीच्या पहिल्याच वर्षी वाचून ठेवा. तिसऱ्या वर्षी वाचले, तर तयारीला वेळ उरत नाही.