वरून बंद आहे

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचे इंटरनेट तीन दिवस बंद होते. तार ओढून देणाऱ्या मुलाला फोन केला की एकच उत्तर, 'काका, ऊपर से बंद है.' चौथ्यांदा मी विचारले, 'अरे बाबा, हा वरचा म्हणजे नेमका कोण?' तो गप्प झाला. त्यालाही ठाऊक नव्हते.

आयुष्य बँकेत गेल्यामुळे 'वरून' या शब्दाशी माझी जुनी ओळख. 'हेड ऑफिसकडून आलेले नाही' हे वाक्य मीही काउंटरवरून शेकडो वेळा फेकले आहे. तेव्हा त्या मुलावर रागावण्याचा अधिकार मला नाही. पण वरचा कोण, हे शोधायचेच असे ठरवले.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा दुकान एकच होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडले आणि परवान्यांचे तीन वर्ग झाले. 'अ' वर्गाला सारा देश, 'ब' वर्गाला साधारण एक राज्य, 'क' वर्गाला जिल्ह्याएवढे क्षेत्र. आमच्या गल्लीतला पुरवठादार या शेवटच्या वर्गातला. तो आपला माल मोठ्याकडून विकत घेतो, तो मोठा आणखी मोठ्याकडून. अगदी वर जगातल्या मोजक्या कंपन्या. त्या कोणाकडूनच विकत घेत नाहीत, आपसात विनामूल्य देवाणघेवाण करतात. विदेश संचार निगम २००२ मध्ये टाटांकडे गेले; आजची टाटा कम्युनिकेशन्स याच पंगतीतली.

बँकवाल्याला हे चटकन उमगते, कारण क्लिअरिंग हाऊस त्याने पाहिलेले असते. सगळ्या बँकांची माणसे एका ठिकाणी जमत, एकमेकांचे चेक देत-घेत आणि फरक तेवढा मिटवत. सीताबर्डीचा चेक सदरच्या शाखेत वटवायला कोणी न्यूयॉर्कला धाडत नसे. इंटरनेटमध्ये मात्र हा वेडेपणा खरोखर चालला. पुरवठादार वेगळे असले, की सीताबर्डीचा निरोप सदरला अमेरिकेचा वळसा घालून पोचू शकत असे आणि त्या प्रवासाचे भाडे परदेशी कंपनीला जाई. हे थांबावे म्हणून २००३ मध्ये 'निक्सी' हे राष्ट्रीय एक्स्चेंज निघाले. म्हणजे क्लिअरिंग हाऊसच!

पण चेक परत करताना आम्हाला सोबत मेमो जोडावा लागे. पैसे अपुरे की सही जुळत नाही, कारण लेखी द्यावे लागे. इथे तसे काही नाही. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले. ते कारण साऱ्या जगाला कळले. आमच्या तीन दिवसांचे कारण कळायला मला आठवडा लागला. शहराबाहेर खोदकामात तार तुटली होती आणि आमच्या पुरवठादाराला 'वरचा' एकच होता. दुसरा असता तर वाहतूक तिकडून वळवता आली असती. पण दुसऱ्याचे पैसे कोण भरणार? स्वस्तात स्वस्त जोडणी मागणारा मीही त्यात आलोच.

तरी पुरवठादाराला वरचे किती, हे ग्राहकाला बिलावर छापून मिळावे आणि सेवा बंद पडली की मेमो मिळावा, एवढे मागायला हरकत नाही. परवा त्या मुलाला चहावर बसवून कागदावर ही सारी उतरंड काढून दाखवली. त्याने मोबाइलवर तिचा फोटो घेतला. शेठला विचारतो म्हणाला.