संघर्षावरची पीएचडी

संघर्ष निराकरण हा स्वतंत्र विद्याविषय म्हणून आकाराला आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अण्वस्त्रांच्या धास्तीत. 1957 मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून ‘जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन’ निघू लागले. अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग त्याच्या संस्थापकांपैकी एक होते. दोनच वर्षांनी योहान गाल्टुंग यांनी ऑस्लोमध्ये शांतता संशोधन संस्था उभी केली. याच गाल्टुंग यांनी 1955 मध्ये आर्ने नेस यांच्यासह गांधींच्या राजकीय नीतीवर पुस्तक लिहिले होते. 1958 मध्ये जोन बाँड्युरंट यांनी सत्याग्रहाची मांडणी संघर्षाचे तत्त्वज्ञान म्हणून केली. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याला हा विषय परका वाटण्याचे काही कारण नाही. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात 1973 मध्ये शांतता अभ्यासाचा विभाग निघाला. अमेरिकेत व्हर्जिनियातील जॉर्ज मेसन विद्यापीठाने 1988 मध्ये संघर्ष निराकरणाची स्वतंत्र पीएचडी सुरू केली. भारतात जामिया मिलिया इस्लामियामध्ये 2004 पासून या विषयाचे नेल्सन मंडेला केंद्र आहे.

या पीएचडीत संशोधनाचा प्रश्न निवडणे हेच सर्वांत कठीण काम असते. काश्मीर, पॅलेस्टाईन किंवा मणिपूर हा विषय झाला, प्रश्न नव्हे. सेव्हरीन ओटेसेर यांनी काँगोवर डॉक्टरेटचे संशोधन केले, तेव्हा शांतिसेना आणि परदेशी राजदूत राष्ट्रीय पातळीवरचे करार व निवडणुका यांत गुंतलेले होते. गावोगावचे जमिनीचे आणि स्थानिक सत्तेचे तंटे हिंसा कशी पेटती ठेवतात, आणि शांतता प्रस्थापित करायला आलेल्यांना ते का दिसत नाहीत, हा प्रश्न त्यांनी धरला. 2010 मध्ये आलेले त्यांचे पुस्तक या संशोधनातून उभे राहिले. प्रश्न नेमका असला की प्रबंधाला धार येते.

भारतातील हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास याहून बोलका आहे. आशुतोष वार्ष्णेय आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे अंक चाळून 1950 ते 1995 या काळातील दंगलींची नोंद एकत्रितपणे तयार केली. पुढे दोघांचे निष्कर्ष वेगळे निघाले. अलीगढ आणि कालिकत यांसारख्या शहरांच्या जोड्यांची तुलना करून वार्ष्णेय यांनी 2002 मध्ये मांडले की, व्यापारी संघटना, कामगार संघ, व्यावसायिक मंडळे यांत दोन्ही समाज एकत्र असतील, तर अफवा दंगलीपर्यंत पोचत नाही. विल्किन्सन यांनी 2004 मध्ये बोट ठेवले ते राज्य सरकारांच्या निवडणुकीच्या गणितावर: अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर सरकार पोलिसांना दंगल रोखायला लावते. माहिती तीच, आणि तरी उत्तरे दोन. असा मतभेद पेलण्याची आणि पुराव्याने पुढे नेण्याची तयारी विद्यार्थ्यात घडवणे, हे पीएचडीचे खरे काम आहे.

महाराष्ट्रात या वादाची कसोटी भिवंडीत लागते. 1970 आणि 1984 मध्ये हे यंत्रमागांचे शहर दंगलींनी होरपळले. 1988 मध्ये तेथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. 1992-93 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ते समित्यांमुळे, पोलिसांच्या धाकामुळे, की यंत्रमागाच्या धंद्यातील परस्परावलंबनामुळे? जी दंगल झालीच नाही तिचे कारण शोधणे अवघड असते, पण अशा संशोधनाची गरज सर्वांत जास्त आहे.

अभ्यासक्रमाची चौकट थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत साधारण दोन वर्षे वर्ग, मग सर्वंकष परीक्षा, संशोधनाचा आराखडा, क्षेत्रकार्य आणि शेवटी समितीसमोर प्रबंधाचा बचाव. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे. या विषयाचा जाणकार मार्गदर्शक मिळणे, हे विद्यापीठाच्या नावाहून महत्त्वाचे.

क्षेत्रकार्याच्या परवानगीसाठी नीतिमत्ता समितीपुढे जावे लागते. अनेक विद्यार्थी ही कागदपत्रांची कटकट समजतात आणि तिथेच चुकतात. बोस्टन कॉलेजच्या ‘बेलफास्ट प्रोजेक्ट’मध्ये 2001 पासून उत्तर आयर्लंडमधील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित झाल्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे उघड होणार नाही, असा शब्द त्यांना दिला गेला होता. 2011 मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या वतीने अमेरिकी न्यायालयाचे समन्स आले आणि पुढे काही ध्वनिफिती पोलिसांच्या हाती गेल्या. अटका झाल्या, खटला उभा राहिला. कायद्यापुढे टिकणार नाही असा शब्द संशोधकाने देऊ नये, हा धडा माणसांनी फार मोठी किंमत मोजल्यावर मिळाला. याउलट एलिझाबेथ वुड यांनी एल साल्वादोरच्या यादवीत शेतकऱ्यांशी बोलताना नावांची गुप्तता काटेकोर पाळली आणि कोणी कोणती जमीन ताब्यात घेतली याचे नकाशे शेतकऱ्यांकडूनच काढून घेतले. भारतात तर मान्य झालेला प्रबंध ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचायला मिळतो. नाव बदलले तरी गाव, पेशा आणि घटनेची तारीख यांवरून माणूस ओळखू येतो, याचे भान लिहिताना शेवटच्या पानापर्यंत ठेवावे लागते.

या पदवीनंतरच्या वाटा मोजक्याच आहेत: अध्यापन, संशोधन संस्था, संयुक्त राष्ट्रसंघाच्या यंत्रणा, स्वयंसेवी संस्था. नोकऱ्या कमी आणि उमेदवार पुष्कळ, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा कायदा अशा एखाद्या जुन्या विषयात पक्का पाया असणे उपयोगी पडते. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठ तर शांतता अभ्यासाची पीएचडी अशा दुसऱ्या विषयाला जोडूनच देते. ज्यांना थेट तंटे सोडवायचे आहेत त्यांची वाट निराळी आहे. न्यायालयीन मध्यस्थांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने आखलेले मूळ प्रशिक्षण 40 तासांचे आहे. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानेही या कामासाठी डॉक्टरेटची अट घातलेली नाही.