पैजेच्या पेढीची पारख

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत क्रीडा-सामन्यांवर पैजा घेणाऱ्या पेढ्यांचा विचार यावा, याचे काही ज्येष्ठ सभासदांस नवल वाटेल. क्वचित कोणास वाईटही वाटेल. सप्त व्यसनांत द्यूताचे नाव पहिले येते, हे आपल्या घरांतील लहान मुलासही पाठ असते. त्याविषयी उपदेश करण्याचा अधिकार त्यागी-मुनींचा आहे आणि तो आम्ही घेऊ इच्छीत नाही. आमचा अधिकार वहीपुरता. परंतु ज्या गोष्टीचा नुसता निषेध होतो आणि हिशेब मात्र कोणी मांडीत नाही, ती तरुणांच्या मनातून जात नाही, असे आम्हांस वाटते.

हिशेब मांडावयाचे कारणही तसेच आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांतील मुलेमुली शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त इंग्लंड-अमेरिकेत राहतात. इंग्लंडमध्ये हा धंदा कायद्याने चालतो. भर रस्त्यावर त्याची दुकाने आहेत आणि हातातील फोनवर त्याची दारे अष्टौप्रहर उघडी आहेत. सुटीत घरी आलेला मुलगा वडिलांस सहज विचारतो, "अप्पा, आठवड्याला पाच पौंड लावले तर बिघडले कुठे? सिनेमाचे तिकीट याहून महाग आहे." या प्रश्नास "ते वाईट आहे" एवढेच उत्तर पुरत नाही. व्यापाऱ्याच्या मुलास व्यापाऱ्याचेच उत्तर मिळाले पाहिजे. आणि धंदा पारखावयाचा तर तो जेथे उजेडात चालतो तेथे पारखावा, म्हणून आम्ही प्रथम ब्रिटनचेच उदाहरण घेतो.

तेथे १९६० साली कायदा होऊन १९६१ च्या मे महिन्यापासून पैजेची परवानाधारक दुकाने उघडली. तोपर्यंत रोखीची पैज शर्यतींच्या मैदानावरच कायदेशीर होती. बाकीचा व्यवहार गल्लीबोळांतून चोरून चाले. पुढे २००५ च्या कायद्याने इंटरनेटवरील पेढ्या परवान्याखाली आणल्या, आणि सप्टेंबर २००७ पासून पैजेचे येणे न्यायालयात वसूल करता येऊ लागले. ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. जे येणे वसूल होऊ शकत नाही, ते खतावणीत कितीही सुंदर अक्षरात लिहिले तरी येणे नव्हे.

आता पेढीचा माल पाहू. तिचा माल म्हणजे तिचा भाव. दोनचा भाव म्हणजे दहा पौंड लावले आणि पैज लागली तर मुद्दलासह वीस पौंड परत. दोन्ही बाजू तोडीस तोड असतील तर न्याय्य भाव दोन. पण पेढी दोन देत नाही, ती १.९० देते. एका गिऱ्हाइकाने एका बाजूवर शंभर आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूवर शंभर लावले, की गल्ल्यात दोनशे आले. कोणीही जिंको, द्यावयाचे एकशे नव्वदच. राहिलेले दहा पेढीचे. सामना कोण जिंकतो याची तिला उत्सुकताही असण्याचे कारण नाही.

फुटबॉलसारख्या तीन निकालांच्या खेळात ही चढ सहज डोळ्यांस दिसत नाही, म्हणून ती काढण्याची रीत सांगून ठेवतो. समजा यजमान संघाचा भाव २.१०, बरोबरीचा ३.४० आणि पाहुण्यांचा ३.५० आहे. शंभरास प्रत्येक भावाने भागावे: ४७.६, २९.४ आणि २८.६. बेरीज १०५.६ येते. शंभराच्या वरचे हे ५.६ म्हणजे पेढीने मालावर चढविलेली रक्कम. एकाच सामन्याचे दोन पेढ्यांचे भाव घेऊन ही बेरीज करावी. जिची कमी ती स्वस्त. जाहिरात, रंगीत चित्रे आणि नामांकित खेळाडूचा हसरा चेहरा यांचा या बेरजेशी काही संबंध नसतो. मोठ्या सामन्याच्या मुख्य निकालावर चढ सहसा कमी असते. पहिला गोल कोण करील यांसारख्या किरकोळ बाबींवर ती वाढत जाते, जशी पोत्याच्या भावापेक्षा पुडीच्या भावात वाढते.

"पाच टक्के म्हणजे काही फार नव्हे," असे कोणी म्हणेल. रविवार पेठेतल्या माणसाने तरी तसे म्हणू नये. पाच टक्के कशावर, मुद्दलावर की उलाढालीवर, हा पहिला प्रश्न. मुलगा म्हणतो तसे आठवड्याला पाच पौंडांच्या एकाच पैजेने वर्षाची उलाढाल २६० पौंड होते आणि तिजवर पाच टक्क्यांनी तेरा पौंड जातात. आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, वर्षभराच्या करमणुकीस तेरा पौंड ही काही भारी किंमत नव्हे. तेवढ्यापुरते मुलाचे म्हणणे खरे आहे, आणि ते नाकारणाऱ्या वडिलांचे पुढचे बोलणे तो ऐकणार नाही.

परंतु तेरा पौंडांच्या गिऱ्हाइकावर कोणतीही पेढी चालत नाही. तिची सारी मांडणी पाचावर कोणी थांबू नये अशी असते. तोच मुलगा आठवड्याला दहा-दहा पौंडांच्या पाच पैजा लावू लागला की उलाढाल २,६०० पौंड होते आणि चढ १३०. त्याच्या खात्यात एका वेळी पन्नास पौंडांहून अधिक कधी नसतीलही. जिंकलेले पुन्हा लावले, हरलेले पुन्हा भरले, एवढ्यानेच हा आकडा गाठला जातो. थोडे भांडवल वारंवार फिरवून मोठी कमाई करावी ही विद्या आपणांस वाडवडिलांनी शिकविली. येथे भांडवल मुलाचे फिरते आणि कमाई पेढीची होते. सामना चालू असताना चेंडूगणिक पैजा घेण्याची जी सोय झाली आहे, ती या फिरण्यास गती यावी म्हणूनच.

यापुढचा माल म्हणजे जोडपैज. चार सामन्यांचे निकाल एकत्र बांधावयाचे, चारही बरोबर आले तरच पैसे. लहान रकमेच्या गिऱ्हाइकास हीच सर्वांत आवडते, कारण पाच पौंडांत पासष्ट दिसतात. वही उघडून पाहा. बरोबरीचे चार सामने सर्व जुळण्याची शक्यता सोळांत एक. म्हणजे पाचाचे ऐंशी मिळावयास हवेत. १.९० चार वेळा गुणिले की तेरा येतात. म्हणून पासष्ट मिळतात. एका पैजेत पाच टक्के असलेली चढ चार जोडताच साडेअठरा टक्के होते! अमेरिकेत २०१८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा निर्बंध रद्द केल्यावर एकामागून एक राज्यांनी हा धंदा खुला केला, आणि तेथेही एकेरी पैजेपेक्षा जोडपैजेवर पेढ्यांचा नफा कितीतरी मोठा राहतो. तेथे एकेरी पैजेचा रूढ दर १०० मिळविण्यास ११० लावण्याचा. नुसते बरोबरीत सुटावयाचे तरी शंभरांतील सुमारे साडेबावन्न पैजा जिंकाव्या लागतात. खेळाचे उत्तम ज्ञान असणाऱ्यासही हे वर्षानुवर्षे साधणे कठीण.

बोनसचा मोह तर नव्या दुकानाच्या पहिल्या दिवसाच्या सवलतीसारखा. पन्नास पौंड भरा, पन्नास आम्ही घालतो. अट एवढीच की बोनसची रक्कम इतक्या पटींनी पैजांत फिरविली पाहिजे. चाळीस पट म्हटले तर दोन हजार पौंडांची उलाढाल, तिजवर पाच टक्के म्हणजे शंभर. पन्नासाची भेट घेण्यासाठी शंभर मोजावयाचे! ब्रिटनच्या जुगार आयोगाने जानेवारी २०२६ पासून ही अट दहापटीहून अधिक ठेवण्यास मनाई केली. दहापटीतही पंचवीस पौंड, म्हणजे भेटीचा अर्धा भाग, जातोच.

इतके करून एखादा चतुर मुलगा खरोखरच जिंकू लागला तर? मग पेढी त्याच्या पैजेची मर्यादा कमी करते, कधी ती काही पेनींवर आणून ठेवते. ही तेथील परिचित रीत आहे. हरणाऱ्यास हवे तेवढे विकावयाचे आणि जिंकणाऱ्यास माल नाही म्हणावयाचे, असे आपल्या पेठेतील कोणा दुकानदाराने केले तर त्याच्याविषयी मंडळात काय बोलले जाईल, याची वाचकांनी कल्पना करावी. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ साली घोडशर्यतीपुरता असा नियम केला की ठरावीक रकमेपर्यंतची पैज पेढीने नाकारू नये. तो करावा लागला, यातच सर्व आले.

या सर्व पेढ्यांत अडतीच्या धर्तीची एक निराळी जात आहे. लंडनमध्ये २००० साली सुरू झालेल्या बेटफेअरने गिऱ्हाइकाची पैज दुसऱ्या गिऱ्हाइकाशी लावून देण्याची पद्धत रूढ केली. पेढी स्वतः समोर बसत नाही. जिंकणाऱ्याच्या नफ्यातून दोन ते पाच टक्के दलाली घेते. शंभर लावून शंभर मिळविले तर पाच टक्क्यांनी पाच पौंड. हरणाऱ्याकडून काही नाही. सरासरीने लावलेल्या रकमेवर अडीच टक्के. लहान रकमेच्या गिऱ्हाइकास भावाच्या दृष्टीने हे बरे, असे म्हणणे भाग आहे. आणखी दोन गोष्टी तेथे राहणाऱ्यांनी तपासाव्यात. गिऱ्हाइकांची ठेव पेढी बुडाल्यास कितपत सुरक्षित आहे, हे परवानाधारक पेढीस अटींतच लिहावे लागते. "संरक्षण नाही" असे लिहिणाऱ्याही पेढ्या असतात आणि ते कोणी वाचीत नाही. दुसरी, स्वतःचा हात आवरेना तर सर्व परवानाधारक ऑनलाइन पेढ्यांची दारे एकदम बंद करून घेण्याची गॅमस्टॉप नावाची सोय २०१८ पासून आहे. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर पैज लावण्यासही तेथे बंदी आहे. उसन्या पैशावर जुगार नको, हे सरकारला कायद्याने सांगावे लागले.

आमचे मत असे की, उत्तमातली उत्तम पेढी घेतली तरी लहान गिऱ्हाईक तेथे किरकोळ भावाने माल घेणारा आहे आणि तो माल परत विकता येत नाही. करमणुकीचा खर्च म्हणून तो खर्चाच्या पानावर लिहिणाऱ्याशी आमचे भांडण नाही. जो तो जमेच्या पानावर लिहू पाहतो, त्याची वहीच चुकली.

"मग व्यापार तरी काय, तोही सट्टाच," हे वाक्य आपण बैठकीत पुष्कळदा ऐकतो. आम्हांस ते मान्य नाही. कापूस शेतात उभा आहे, त्याच्या भावाची जोखीम कोणीतरी घेणारच. वायदा करणारा व्यापारी ती आपल्या शिरावर घेतो आणि त्याबद्दल त्यास काही मिळते. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावातील आकड्यावर मुंबईत पैसे लावणाऱ्याने कोणाची जोखीम घेतली? ती त्याने नव्याने निर्माण केली. पुढे कापसाचा आधारही सुटला आणि १९६० नंतरच्या दशकात चिठ्ठ्यांचा मटका आला. एकाच शब्दाने दोन्हींस ओळखणे आपणच बंद करावे.

आता आपल्या देशाविषयी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्य आहे; जिंकलेल्या रकमेसाठी दावा चालत नाही. घोडशर्यतीच्या पाचशे रुपये व त्याहून अधिक बक्षिसाचा तेवढा अपवाद. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने तर पैशांचे ऑनलाइन खेळ, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, सरसकट निषिद्ध ठरविले. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड त्यात योजिला आहे. खेळणाऱ्यास या कायद्यात शिक्षा नाही. तेव्हा येथे फोनवर जी पेढी पैजा घेते तिची भावाची बेरीज करीत बसण्याचे कारण उरत नाही. परदेशी बेटावरील परवान्याचे चित्र ती दाखवील. पैसे मात्र कोणा अनोळखी माणसाच्या खात्यावर भरावयास सांगेल.

आणि ते अनोळखी खाते कोणाचे असते, हीच आमची खरी काळजी आहे. मध्यस्थ लहान दुकानदारास गाठतो: तुमचे चालू खाते वा क्यूआर आम्हांस वापरू द्या, येणाऱ्या रकमेवर अमुक टक्के तुमचे. तरुण सभासदास हे घरबसल्या दलालीसारखे वाटते. तक्रार झाली की प्रथम ते खाते गोठविले जाते, त्यात दुकानाच्या मालाचे पैसेही अडकतात, आणि पोलिसांच्या कागदावर नाव खातेदाराचे येते. मध्यस्थाचा फोन तोवर बंद झालेला असतो. मंडळाच्या कार्यकारिणीने पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी याविषयी एक साधे पत्रक काढून प्रत्येक सभासदाच्या दुकानी पोचवावे, आणि त्यासोबत एखाद्या वकिलाचे मार्गदर्शन ठेवावे, अशी आमची सूचना आहे. पत्रक मराठीत व कानडीत, दोन्ही भाषांत असावे. गल्ल्यावर बसणाऱ्या नोकरासही ते वाचता आले पाहिजे.